बियाण्याचं दुसरं घर

जालन्याहून सकाळी सुटलेली एसटी राजूर ओलांडून केदारखेड्याच्या थांब्यावर आली, तेव्हा गयाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात ठेच्याची बरणी. मी खिडकीतून हात काढून दोन्ही घेतलं. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून होता, म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "साहेब, माझं गठुडं घेतलं ना बराबर?"

"घेतलं, घेतलं."

"तिकडच्या लोकायला सांगा, राखंसकट ठिवा म्हनावं. धुऊ नका."

"सांगतो."

गाडी निघाली. शेजारी बसलेल्या सलीमभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ते गाठोडं जुन्या जालन्यात त्यांच्याच कापडाच्या गोदामात खुंटीला लटकत होतं. तिथं ते मीच अडकवलं होतं.

हा सगळा प्रकार आधी नीट सांगतो. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी तीस वर्षं फील्ड ऑफिसर होतो. आपल्याकडे गावोगाव हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, भेंडी यांचं बी तयार होतं. बायका सकाळच्या वेळी एका जातीच्या फुलातला पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर हातानं लावतात आणि फुलाला दोरा बांधतात. मी मोटारसायकलवर या प्लॉटवरून त्या प्लॉटवर जायचो आणि ओरडायचो. गयाबाई अशाच एका टोळीची मुकादम होती. तिच्या टोळीवर ओरडायची वेळ कधी आली नाही, म्हणून तिच्याशी बोलणं व्हायचं. सेवानिवृत्त झालो आणि ओरडायला कोणी उरलं नाही. घरात ओरडून पाहिलं, पण तिथे आधीपासून दुसऱ्यांची सत्ता होती.

माझी मुलगी ज्योती पुण्यात नर्स आहे. मावी नावाची मिझोरामची मुलगी तिच्याच खोलीत राहायची. मावीचं गाव चंफाईच्या पुढे, अगदी सीमेवर. नदीच्या पलीकडे म्यानमार. तिकडे लष्करानं सत्ता हातात घेतली, गोळीबार आणि जाळपोळ सुरू झाली, आणि चिन डोंगरातली गावंच्या गावं नदी ओलांडून अलीकडे आली. मावी नोकरी सोडून घरी गेली आणि त्या लोकांच्या छावणीत काम करू लागली. एकदा ज्योतीनं तिला फोन लावून दिला. मावी हिंदीत म्हणाली, "काका, कांबळी पाहिजेत, ताडपत्री पाहिजे. आणि जमलं तर भाजीचं बी. गावानं या लोकांना डोंगराचा एक तुकडा कसायला दिलाय."

बी म्हटल्यावर माझी छाती फुगली. जालन्याच्या माणसाकडे बी मागायचं म्हणजे समुद्राकडे मीठ मागायचं. महिनाभर मी आणि सलीमभाई हिंडलो. मंठ्यातून गोधड्या आल्या, जुन्या जालन्यातल्या व्यापाऱ्यांनी कांबळी दिली, घरोघरून साड्या आल्या. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी चकचकीत पाकिटांचे खोके दिले, सगळं पहिल्या प्रतीचं हायब्रीड. गयाबाईनं दिलं ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. आत दोडका, लाल भोपळा, वाल आणि मका, सगळं राखेत घोळलेलं. "माझ्या मायीपासून चालत आलंय," ती म्हणाली होती.

सामान ट्रकमध्ये भरताना ते गाठोडं माझ्या हाती आलं. राख गळत होती. लेबल नाही, लॉट नंबर नाही, उगवण तपासलेली नाही. कंपनीत आम्ही नव्या पोरांना पहिलं वाक्य शिकवायचो ते असं, की ज्याला टॅग नाही ते बी नाही, धान्य. परक्या मुलखात आपल्या नावानं असलं काही जाऊ नये, असं मला वाटलं. मी ते खुंटीला अडकवलं. सलीमभाई म्हणाले, "साहेब, म्हातारीनं दिलंय, जाऊ द्या ना. ट्रकला काय वजन व्हनार हाय?" मी म्हणालो, "वजनाचा प्रश्न नाही." तो प्रश्न वजनाचाच होता, हे मला पुढे दीड हजार मैलांवर कळलं.

भुसावळला आम्ही गुवाहाटीची गाडी पकडली. दोन दिवस खिडकीतून शेतं बघणं आणि सलीमभाईंचं ऐकणं. ते प्रत्येक स्टेशनावर उतरून तिथल्या कापडाला हात लावून यायचे आणि "आपल्या मालाची सर न्हाई" असा निकाल द्यायचे. पुढे सिलचर, आणि सिलचरहून जीप. मिझोरामच्या हद्दीवर परवाना काढावा लागतो, तिथं आमची पहिली फजिती झाली. अर्ज भरण्याच्या गडबडीत मी माझ्या अर्जावर सलीमभाईंचा फोटो चिकटवला होता आणि त्यांच्या अर्जावर माझा. खिडकीतल्या बाईनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, आम्हाला शेजारी उभं केलं आणि खूप वेळ हसली. सलीमभाई मला म्हणाले, "टॅग उलटा लागला, साहेब."

त्यापुढे रस्ता म्हणजे नुसतं वळण. एक डोंगर चढायचा, उतरायचा, दुसरा चढायचा. सपाट जमीन म्हणून काही नाहीच. शेत डोंगराच्या उतारावर, घरं उतारावर, फुटबॉलचं मैदानही डोंगर तासून केलेलं. आमच्या पोटात गयाबाईची भाकरी टिकली नाही. ड्रायव्हरनं आमचे चेहरे पाहून वाटेत थिंगपुई (चहा) पाजला, दुधाशिवाय. आधी मी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला.

मावी आम्हाला रस्त्यावरच भेटली. बुटकी, चालायला भारी चपळ, तोंडात पुण्याचं मराठी अधूनमधून उगवायचं. "चला काका, पटकन, पाऊस येईल," असं म्हणत तिनं आमच्या दोन्ही पिशव्या उचलल्या. आधी तिनं नदी दाखवली. मी मोठ्या नदीची कल्पना केली होती. तिआउ नदी उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या जालन्याच्या कुंडलिकेएवढी होती. लहान पूल, पुलाच्या दोन टोकांना दोन देश. पलीकडचे डोंगर अलीकडच्यासारखेच. "आमची भाषा जवळजवळ एक," मावी म्हणाली, "आजीची बहीण तिकडे दिलेली, मामाची मुलगी इकडे आलेली. ते आले तेव्हा आम्हाला ते पाहुणे वाटले, निर्वासित नाही. पाहुणे फार दिवस राहिले एवढंच."

छावणी गावाच्या वर होती. बांबूच्या ताट्यांची आणि निळ्या ताडपत्रीची घरं उतारावर एकाखाली एक. मधे सामुदायिक सभागृह, त्यात अजून घर न मिळालेली कुटुंबं. आमचा ट्रक दोन दिवस आधीच आला होता. गोधड्या वाटल्या गेल्या होत्या आणि उन्हात ओळीनं पसरलेल्या होत्या. मंठ्याच्या ठिगळांवर मिझोरामचं ऊन पडलेलं पाहून मला भरून आलं, हे कबूल करतो.

साड्यांचं मात्र वेगळंच झालं. तिथल्या बायका पुआन (कमरेला गुंडाळायचं विणलेलं वस्त्र) नेसतात. नऊवारी, सहावारी त्यांच्या काय कामाची? हे मला किंवा जन्मभर कापड विकणाऱ्या सलीमभाईंना सुचलं नव्हतं. पण सभागृहात गेलो तर सगळीकडे आपल्या साड्या. दोरीवर टाकून त्यांनी पडदे केले होते, एकेका कुटुंबाला एकेक खोली. गुलाबी काठाच्या साडीमागे एक बाई बाळाला पाजत होती. सलीमभाईंनी एका पडद्याचा काठ बोटात धरून पाहिला. "कपडा आखीर कपडा हाय," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिथेच रमले. माप घेऊन, दुमडून, हातशिलाई करून त्यांनी उरलेल्या साड्यांच्याही खोल्या पाडल्या.

जेवण मावीच्या घरी. भात आणि बाई. आपल्याकडे हा शब्द पानात वाढायचा नसतो, पण तिकडे बाई म्हणजे पालेभाज्या तेल न घालता उकडून केलेला पातळ पदार्थ. सलीमभाईंसाठी आणि माझ्यासाठी त्यांनी डुकराचं मांस वगळून वेगळं शिजवलं. सोबत दाण्याएवढी मिरची. मराठवाड्याचा माणूस मिरचीला भितो की काय, म्हणून मी एक अख्खी चावली. पुढचा अर्धा तास काय झालं ते मला नीट आठवत नाही. सलीमभाईंना मात्र अजून सगळं आठवतं आणि ते जो भेटेल त्याला सांगतात.

तिसऱ्या दिवशी बियाण्याचं वाटप ठेवलं होतं. सभागृहाबाहेर बायका बसल्या. मी टेबलावर पाकिटं मांडली आणि तीस वर्षांच्या सवयीचं भाषण दिलं. ओळीतलं अंतर, खत, पाणी, फवारणी. मावी भाषांतर करत होती, पण तिची वाक्यं माझ्या वाक्यांच्या निम्मी असायची. भाषण संपल्यावर पुढे बसलेल्या एका वयस्क बाईनं हात वर केला. तिचं नाव पी थांगी. पी म्हणजे वडीलधाऱ्या बाईला लावायचा मानाचा शब्द. तिच्या गावातली पंधरा-वीस घरं एकत्र आली होती आणि ती सगळी तिचं ऐकायची.

"ती विचारतेय, यातलं कोणतं बी धरून ठेवायचं?" मावी म्हणाली.

हा प्रश्न मला शेतकऱ्यांनी हजारदा विचारला होता आणि उत्तर तोंडपाठ होतं. "सांग तिला, धरायचं नाही. धरलेलं बी पुढच्या वर्षी नीट येत नाही. उंच, बुटकं, आंबट, कडू, दहा तऱ्हा उगवतात. दर वर्षी नवीन पाकीट घ्यायचं."

मावीनं सांगितलं. बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली. पी थांगीनं शांतपणे आणखी एक प्रश्न विचारला.

"ती विचारतेय, पुढच्या वर्षी तुम्ही येणार का?"

जालन्यात या उत्तरानंतर शेतकरी दुकानाचा पत्ता विचारायचा. इथे दुकान नव्हतं, आणि ही माणसं पुढच्या वर्षी या डोंगरावर असतील, त्या डोंगरावर असतील की नदीपलीकडे, हे कोणालाच माहीत नव्हतं. पी थांगी उठली आणि मला आणि मावीला बरोबर चला अशी खूण करून आपल्या घराकडे निघाली.

तिच्या झोपडीत चूल मधोमध होती. चुलीवर बांबूचा माळा, आणि धुरानं काळा पडलेला एक वाळका भोपळा तिथे टांगलेला. खाली फळीवर मावीनं आदल्या दिवशी नमुन्याला दिलेल्या माझ्या पाकिटांतलं बी तिनं काढून ठेवलं होतं, प्रत्येकातलं निम्मं, राखेत घोळून. निम्मं पेरायला, निम्मं घरी परत जाताना न्यायला. मी काय करून बसलो होतो ते मला तेव्हा कळलं. मी तिला पुन्हा सगळं समजावलं. या बियाण्याचं पीक खा, विका, वाटा. भरपूर येईल. पण याच्यावर उद्याचा भरवसा ठेवू नका. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे हे खायचं बी. ठेवायचं बी नाही." इतक्या सोप्या शब्दांत आम्ही कंपनीत ते कधी सांगितलं नव्हतं.

मग तिनं भोपळा खाली उतरवला. आत पावट्यासारखे ठिपकेदार दाणे होते, तपकिरी आणि जांभळट. दोन ओंजळी भरतील एवढे. तिच्या गावाच्या नावानंच हा दाणा ओळखला जायचा आणि तिकडे त्याच्याशिवाय लग्नाचं जेवण होत नसे. गाव पेटलं तेव्हा तिनं कपडे सोडून आधी हा भोपळा उतरवला होता. आता त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. गेल्या पावसाळ्यात तिनं थोडं पेरलं, पण तिच्या वाट्याचा उतार घसरला आणि वेल गेले. यंदा पुन्हा पेरणार होती, त्याच उतारावर. दुसरी जागा नव्हती.

"तपासून बघू," मी म्हणालो. एवढं तरी मला येत होतं. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळले. हवा गार होती, म्हणून ती गुंडाळी मी पाच दिवस बनियनच्या आत पोटाशी बाळगली. सलीमभाई लोकांना मराठीतच सांगत सुटले, "साहेब अंडे उबवून राह्यले." खुणांवरून सगळ्यांना कळायचं. पाचव्या दिवशी झोपडीत फडकं उलगडलं तेव्हा आसपासच्या बायका जमल्या होत्या. दहातले चार उगवले होते. त्यातल्या दोनांना जेमतेम कोंब फुटलेला. मी मावीला सांगितलं, "तिला खरं सांग. यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी यातलं काही उगवणार नाही."

पी थांगीला ते माहीत असावं. तिनं मान हलवली आणि दोन ओंजळींतली एक ओंजळ एका पुआनच्या तुकड्यात बांधून माझ्यापुढे धरली.

मी मागे सरलो. उरलंसुरलं बी कोणाचं कसं घ्यायचं? मावीनं मला थांबवलं. "काका, ती भेट देत नाहीये. आमच्या डोंगरात रीत आहे. घरं बांबूची, कधीही पेटतात. म्हणून बी एका घरात ठेवत नाहीत. निम्मं आपल्याकडे, निम्मं दुसऱ्या कोणाकडे. दुसऱ्यानं ते पेरायचं, वाढवायचं आणि मागितलं की द्यायचं. तिचं दुसरं घर तिच्या चुलतबहिणीचं होतं. तेही त्याच दिवशी जळलं. आता तिला लांबचं घर हवंय."

मी ते बोचकं घेतलं. पी थांगी हात पसरून तशीच बसून राहिली. मला कळेना.

मावी म्हणाली, "आता तुमचं. ती तुमचं बी ठेवणार ना. ठेवायचं बी, खायचं नाही."

माझ्याजवळ खोकेच्या खोके होते आणि तिच्या हातावर ठेवायला एक दाणा नव्हता. सलीमभाई दारात सुई-दोरा घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग मी मावीला सगळं सांगितलं. गयाबाई, गाठोडं, खुंटी, एसटीच्या खिडकीतून बोललेलं खोटं, सगळं. तुझ्या पी थांगीला जसंच्या तसं सांग म्हटलं. मावीनं सांगितलं, आणि या वेळी तिची वाक्यं माझ्या वाक्यांपेक्षा लांब होती.

पी थांगी इतकी हसली की तिला खोकला लागला. "खुंटीवर आहे ना? मग ते चांगल्या जागी आहे. दुसऱ्याच्या घरातच आहे," ती म्हणाली. "गेल्यावर पाठवून द्या. पेरणीच्या आधी." मी उरलेला ठेचा तिला देऊन टाकला. तिनं बोटावर घेऊन चाखला आणि ही मिरची मुलांना द्यायला बरी आहे, असं मत दिलं.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. ते बोचकं मी खिशात ठेवलं होतं आणि झोपताना उशीखाली. सलीमभाई फारसे बोलत नव्हते, बहुधा साडीच्या खोल्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. भुसावळहून निघालेली एसटी केदारखेड्याला थांबली तेव्हा मी सीटवर खाली घसरून बसलो. गयाबाई थांब्यावर नव्हती. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन गाठोडं काढलं. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता, पण राखेमुळे आतलं बी वाचलं होतं. ते आणि पी थांगीचं बोचकं घेऊन मोटारसायकलवर केदारखेडा गाठलं. गयाबाई अंगणात तूर पाखडत होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं तिचं फडकं ओळखलं.

"हे हितं कसं काय?"

"मी नेलंच नव्हतं, गयाबाई. त्या दिवशी खोटं बोललो."

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे तुमी गेल्ते, आल्ते, आन हे हितंच व्हतं? आन मी समद्या गावात सांगत फिरून राह्यले, माझा दोडका परमुलखात गेला म्हून."

मी मान खाली घालून उभा होतो. वयाच्या साठीनंतर असं उभं राहायची सवय राहत नाही.

"टॅग न्हवता म्हून ना?"

"हो."

"तुमच्या टॅगच्या बियाचे माय-बाप दोनी कंपनीत ऱ्हातेत, साहेब. माझ्या ह्याच हातानं जन्मभर लग्नं लावली मी त्यायची. त्या लेकरानं आपल्या वानाचं लेकरू कुठून आनावं? तुमाला म्या शिकवायचं व्हय हे?" ती थांबली. "पळून आलेल्या मानसाला तेच दिलं तुमी."

मी तिला पी थांगीची गोष्ट सांगितली. शेवटी मी बोचकं तिच्या हातात दिलं. तिनं एक दाणा दाताखाली धरून पाहिला, वास घेतला.

"पावट्याची भावकी हाय. किती व्हतं तिच्यापाशी?"

"दोन ओंजळी."

"आन त्यातली एक दिली?"

"हो."

तिनं ते दाणे पदरात बांधले. मग आत गेली, आणखी दोडका, आणखी वाल घेऊन आली, गाठोड्यात भरलं, कुरतडलेल्या कोपऱ्याला गाठ मारली आणि माझ्या अंगावर टाकलं. "हे आजच्या आज टपालात टाका. आन हे दाने माझ्या विहिरीवर लागतील. तुमच्या गच्चीवरल्या कुंडीत न्हाई."

गाठोडं वेळेत पोहोचलं. पी थांगीनं दोडका झोपडीच्या छपराशी लावला.

मृगात गयाबाईनं विहिरीच्या कडेला ते दाणे टोकले आणि मांडव घातला. निम्म्याहून कमी उगवले. वेल चढले, पानं तळहाताएवढी झाली, पण फूल दिसेना. मी दर आठवड्याला जायचो. भाद्रपद संपत आला, तरी नुसती पानं. त्यातच मावीचा निरोप आला. पावसात तो उतार पुन्हा घसरला होता. माणसं सुखरूप होती, छपरावरचा दोडका सुखरूप होता, पण पी थांगीनं पेरलेली दुसरी ओंजळ मातीखाली गेली होती. तिच्या गावचं बी आता केदारखेड्याच्या विहिरीवर होतं, आणखी कुठे असेल असं तिला वाटत नव्हतं.

मी गयाबाईला सांगायला गेलो तेव्हा माझा आवाज चढला होता. अमुक फवारू, तमुक खत टाकू, विद्यापीठातल्या माणसाला बोलवू.

"कायबी करायचं न्हाई," ती म्हणाली. "दिवस लहान होऊ द्या. डोंगरातलं हाय, त्याला त्याचा टाइम म्हाईत हाय."

दसऱ्यानंतर एक दिवस तिच्या नातवाच्या फोनवरून तिचा फोन आला. ती फक्त म्हणाली, "जांभळी हायेत." मी जेवणावरून उठून गेलो. मांडवावर जांभळ्या फुलांचे तुरे उभे होते. पुढे वेलांवर माव्याची कीड पडली, तिनं चुलीतली राख उधळली आणि मला फवारणीच्या पंपाला हात लावू दिला नाही. संक्रांतीच्या सुमाराला शेंगा वाळल्या. ओसरीवर पोतं पसरून आम्ही तिघांनी त्या सोलल्या. सलीमभाई मुद्दाम जालन्याहून आले होते आणि पाठवणीसाठी साडीच्याच कापडाची पिशवी शिवून घेऊन आले होते. दाणे तेच, ठिपकेदार, तपकिरी आणि जांभळट. चार ओंजळी झाले.

गयाबाईनं दोन ओंजळी पिशवीत घातल्या. दोन राखेत घोळून तिच्या गाडग्यात टाकल्या. "निम्मं हितं," ती म्हणाली. "दुसरं घर म्हनलंय तर दुसरं घर."

सवय जात नाही. मी खिशातून कोरा टॅग काढला, कंपनीत असतो तसाच, आणि भरायला लागलो. वाण म्हणून पी थांगीच्या गावाचं नाव लिहिलं. ते गाव आता नकाशातच उरलं होतं. उत्पादक म्हणून दोन बायकांची नावं लिहिली. मग शेवटचा रकाना आला, तिथे पेन थांबलं. हे बी किती दिवस चालेल ते तिथे लिहायचं असतं. तीस वर्षं मी तिथे महिना आणि साल टाकत आलो.

"काय इचारतंय ते?" गयाबाईनं विचारलं.

"वैधता. म्हणजे कधीपर्यंत चांगलं राहील."

ती गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "ती घरी जाईपस्तोर."

मी तेच लिहिलं, आणि टॅग पिशवीला बांधला.